विश्लेषण : मतदाराला तीन मते, तरी विरोधकांना शून्य जागा... मॉरिशसची निवडणूक कशी चालते?

मीरा-भाईंदर महापालिकेसाठी जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले, तेव्हा डोंगरीतील मतदाराला एकाच वेळी अनेक उमेदवारांसाठी बटणे दाबावी लागली. डोंगरी-उत्तनहून रस्ता पुढे गोराईकडे जातो, तिथे मुंबई महापालिकेची हद्द लागते. त्याच दिवशी गोराईच्या मतदाराने मात्र एकच बटण दाबले. काही किलोमीटरच्या अंतरात मतांची संख्या बदलते, कारण मुंबईत एक सदस्यीय प्रभाग आहेत आणि राज्यातील इतर महापालिकांत बहुसदस्यीय. एका मतदाराला एकापेक्षा जास्त मते दिली तर त्याचा आवाज वाढतो की उलट दबतो, हा प्रश्न त्यामुळे येथील रहिवाशांना नवा नाही. हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटावरील देशाने हा प्रयोग थेट संसदेसाठी केला आहे. तिथल्या मुख्य बेटावरील प्रत्येक मतदाराला तीन मते असतात. आणि तिथे तीन वेळा असे झाले की, मुख्य बेटावरील ६० पैकी ६० जागा एकाच आघाडीला मिळाल्या. शेवटचा असा निकाल नोव्हेंबर २०२४ चा. ही पद्धत नेमकी कशी चालते आणि हरलेल्या उमेदवारांनाही तिथे खासदार का करावे लागते, याचे हे विश्लेषण.

मॉरिशस आणि मराठी माणसाचा संबंध काय?

मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदर शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजार होती. म्हणजे दीड मीरा-भाईंदर एवढ्या लोकांचा हा देश. ब्रिटिश काळात उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी १८३४ पासून करारबद्ध भारतीय मजूर तिथे नेण्यात आले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील आणि पश्चिम महाराष्ट्रातील कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आज तिथे मराठी भाषक समाज म्हणून ओळखले जातात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते, शाळांत मराठी शिकवली जाते. एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले होते. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि १२ मार्च १९९२ रोजी प्रजासत्ताक बनला.

मतदानाचा हक्क तिथे एका रात्रीत मिळाला नाही. आधी संपत्ती किंवा उत्पन्न असलेल्यांनाच मत होते. १९४८ च्या निवडणुकीसाठी ही अट सैल झाली आणि बेटावर वापरात असलेल्या एखाद्या भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढांना मत मिळाले. बासदेव बिसुनदयाल यांच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी वर्ग भरवून मजुरांना अक्षरओळख करून दिली. मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ७० हजारांच्या पुढे गेली. सर्व प्रौढांना मताधिकार मिळून पहिली निवडणूक झाली ती १९५९ मध्ये.

संसदेची रचना कशी आहे?

मॉरिशसमध्ये एकच सभागृह आहे, नॅशनल असेम्ब्ली. आपल्यासारखी लोकसभा आणि राज्यसभा अशी विभागणी नाही. मुख्य बेटाचे २० मतदारसंघ केले आहेत आणि प्रत्येकातून तीन खासदार निवडले जातात. त्याच्या पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरवर असलेल्या रॉड्रिग्ज बेटावरून दोन खासदार येतात. असे एकूण ६२ खासदार थेट निवडून येतात. त्यात जास्तीत जास्त आठ जणांची भर ‘बेस्ट लूझर’ पद्धतीने, म्हणजे हरलेल्यांतील सर्वांत सरस उमेदवारांमधून घातली जाते. त्यामुळे सभागृहाची कमाल सदस्यसंख्या साधारण ७० होते. मुदत पाच वर्षांची.

राष्ट्राध्यक्षांची निवड नॅशनल असेम्ब्ली करते. ज्या खासदाराला सभागृहात बहुमताचा पाठिंबा आहे असे दिसते, त्याला राष्ट्राध्यक्ष पंतप्रधान नेमतात. हा भाग भारतासारखाच. एकट्याच्या बळावर सत्ता मिळवणे अवघड असल्याने निवडणुकीआधीच आघाड्या होतात आणि पंतप्रधानपदाची वाटणीही कधी कधी आधीच ठरते. २००० मध्ये अनिरुद्ध जगन्नाथ आणि पॉल बेरांजे यांच्यात असा करार झाला आणि तो पाळला गेला. २००३ मध्ये जगन्नाथ यांनी पद सोडले व उरलेल्या काळासाठी बेरांजे पंतप्रधान झाले. २०१७ मध्ये अनिरुद्ध जगन्नाथ यांनी मुदत संपण्याआधी पुत्र प्रविंद जगन्नाथ यांच्याकडे पद सोपवले, तेव्हा मात्र निवडणूक न घेता वारसा दिल्याची टीका झाली.

मतदार कोण आणि मत कसे देतात?

मतदानाचे वय १८ वर्षे आहे. मॉरिशसच्या राज्यघटनेतील एक तरतूद भारतीयांना आश्चर्य वाटेल अशी आहे. मतदार होण्यासाठी मॉरिशसचे नागरिकत्वच हवे असे नाही, राष्ट्रकुल देशाचा नागरिक असणे पुरते. असा नागरिक दोन वर्षे सलग मॉरिशसमध्ये राहिला असेल, तर तो मतदार म्हणून नोंदणी करू शकतो. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे तिथे नोकरीसाठी गेलेल्या भारतीयालाही ही वाट खुली आहे. उमेदवाराला मात्र सभागृहाच्या कामात भाग घेता येईल इतपत इंग्रजी बोलता-वाचता यावे लागते.

मतदान यंत्रावर नव्हे, कागदी मतपत्रिकेवर होते. तीनही जागांसाठी उमेदवारांची एकच यादी असते. त्यासमोर मजूर पक्षाची किल्ली, एमएमएम पक्षाचे हृदय, एमएसएम पक्षाचा सूर्य अशी चिन्हे असतात. मतदाराने तीन नावांसमोर फुली करायची. तीनच. कमी किंवा जास्त फुल्या झाल्या तर मतपत्रिका बाद होते. सर्वाधिक मते मिळालेले पहिले तीन उमेदवार विजयी. फेरमतदान नाही, पसंतीक्रम नाही, मतांच्या प्रमाणात जागाही नाहीत.

आपल्या प्रभाग पद्धतीशी तुलना केली तर?

मीरा-भाईंदर महापालिकेत २४ प्रभाग आणि ९५ नगरसेवक आहेत. म्हणजे २३ प्रभागांत चार आणि एका प्रभागात तीन जागा. वरवर पाहता हे मॉरिशससारखेच वाटते, पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे प्रभागातील ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ या जागा वेगवेगळ्या असतात. प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र होते. कोणती जागा महिलांसाठी, कोणती अनुसूचित जाती-जमाती किंवा इतर मागासवर्गासाठी, हे सोडतीने आधीच ठरते. कोणीच पसंत नसेल तर ‘नोटा’ आहे. मॉरिशसमध्ये जागांना अ-ब-क नाही आणि आरक्षणही नाही. सगळे उमेदवार एकाच मैदानात उतरतात.

परिणाम मात्र दोन्हीकडे सारखाच दिसतो. मतदार एका पक्षाच्या चिन्हावर एकगठ्ठा मते देऊ लागला की पूर्ण पॅनेल निवडून येते किंवा पूर्ण पॅनेल पडते. आपल्याकडे त्याला ‘पॅनेल टू पॅनेल’ मतदान म्हणतात. मॉरिशसमध्येही पक्ष प्रचारात हेच सांगतात : आमच्या तिघांनाच मते द्या, फाटाफूट करू नका.

साठ विरुद्ध शून्य असा निकाल कसा लागतो?

साधे गणित पाहू. समजा, एका मतदारसंघात १०० मतदार आहेत. त्यांपैकी ६० जणांना ‘क’ आघाडी हवी आहे आणि ४० जणांना ‘ख’. सर्वांनी आपापल्या आघाडीच्या तिघांना मते दिली, तर ‘क’च्या प्रत्येक उमेदवाराला ६० आणि ‘ख’च्या प्रत्येकाला ४० मते मिळतील. पहिले तीनही उमेदवार ‘क’चे असतील. जागा तीन असूनही ४० टक्के मतदारांच्या वाट्याला एकही येत नाही. वीसही मतदारसंघांत थोड्याफार फरकाने हेच घडले की ६०-० असा निकाल लागतो. याच बेटाचे ६० छोटे एक सदस्यीय मतदारसंघ केले असते, तर ‘ख’च्या बालेकिल्ल्यांतून काही जागा तरी निघाल्या असत्या. मोठ्या मतदारसंघात ते बालेकिल्ले आजूबाजूच्या मतांत बुडून जातात.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. १९८२ मध्ये एमएमएम आणि पीएसएम यांच्या आघाडीने मुख्य बेटावरील सर्व ६० जागा जिंकल्या. स्वातंत्र्यापासून पंतप्रधान असलेले शिवसागर रामगुलाम यांना स्वतःची जागाही राखता आली नाही. १९९५ मध्ये मजूर पक्ष आणि एमएमएम एकत्र आले, पुन्हा ६०-०. १० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या निवडणुकीत नवीनचंद्र रामगुलाम यांच्या नेतृत्वाखालील ‘आल्यान्स द्यू शांजमाँ’, म्हणजे बदलाची आघाडी, हिने तोच आकडा गाठला. तिची मते साठ टक्क्यांच्या आसपास होती आणि मुख्य बेटावरील जागा शंभर टक्के. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतः पराभूत झाले.

लढत तिरंगी झाली की चित्र वेगळ्या बाजूने वाकडे होते. २०१९ मध्ये जगन्नाथ यांच्या आघाडीला सुमारे ३७ टक्के मते मिळाली, पण थेट निवडणुकीच्या ६२ पैकी ३८ जागा तिच्याकडे गेल्या आणि सरकार आरामात बनले. जवळपास २० टक्के मते मिळवणाऱ्या एमएमएमला मात्र आठच जागा मिळाल्या.

‘बेस्ट लूझर’ म्हणजे काय?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर बेटावरील अल्पसंख्य समाजांना भीती होती की, बहुसंख्य हिंदू मतदार एकगठ्ठा मते देऊन सर्व जागा घेतील. मुस्लिमांनी काही काळ स्वतंत्र मतदार यादीची मागणीही केली. फाळणी ताजी असताना तो मार्ग कोणालाच नको होता. १९६६ च्या बॅनवेल आयोगानंतर झालेल्या तडजोडीतून तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि त्यावर उतारा म्हणून आठ जादा जागा, अशी रचना झाली. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत ती पहिल्यांदा वापरली गेली.

राज्यघटनेने लोकसंख्येचे चार गट मानले आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि या तिघांत न बसणारे ‘जनरल पॉप्युलेशन’. शेवटच्या गटात प्रामुख्याने आफ्रिकी, मिश्र आणि युरोपीय वंशाचे लोक येतात. अर्ज भरताना उमेदवाराने आपला समाज लिहावा लागतो. निकालानंतर कोणत्या समाजाला त्याच्या संख्येच्या मानाने सर्वांत कमी जागा मिळाल्या, हे निवडणूक पर्यवेक्षण आयोग मोजतो. समाजाच्या लोकसंख्येला, त्याच्याकडे असलेल्या जागा अधिक एक, या संख्येने भागायचे. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्याला जागा.

उदाहरण घेऊ. १९७२ च्या जनगणनेत हिंदू सुमारे ५२ टक्के, जनरल पॉप्युलेशन २९, मुस्लिम १७ आणि चिनी वंशाचे ३ टक्के होते. समजा, ६२ पैकी हिंदूंना ३६, जनरल पॉप्युलेशनला १७, मुस्लिमांना ८ आणि चिनी वंशीयांना १ जागा मिळाली. आता ५२ भागिले ३७ म्हणजे १.४१, २९ भागिले १८ म्हणजे १.६१, १७ भागिले ९ म्हणजे १.८९ आणि ३ भागिले २ म्हणजे १.५. सर्वांत मोठी संख्या मुस्लिमांची, म्हणून पहिली जादा जागा त्यांना. ती धरून पुन्हा भागाकार : १७ भागिले १० म्हणजे १.७, अजूनही सर्वाधिक. दुसरीही त्यांनाच. तिसऱ्या फेरीत १७ भागिले ११ म्हणजे १.५५ होतात आणि जनरल पॉप्युलेशन १.६१ वर पुढे जाते. तिसरी जागा त्यांना. जागा ज्या समाजाला मिळाली, त्यातील पराभूत उमेदवारांपैकी आपल्या मतदारसंघात सर्वाधिक टक्के मते मिळवलेला पक्षीय उमेदवार खासदार होतो. पहिल्या चार जागा केवळ समाजाचा समतोल पाहून दिल्या जातात. त्यामुळे पक्षांचे बलाबल बिघडू नये, यासाठी पुढच्या चार जागांचे वाटप करताना पक्षही पाहिला जातो. अटींत बसणारा उमेदवार नसेल तर आठही जागा भरतातच असे नाही. २०१४ मध्ये सात भरल्या, २०१९ मध्ये आठ.

याचा फायदा ६०-० च्या निकालात दिसतो. २०२४ नंतर विरोधी पक्षनेते झालेले जो लेजोंगार हे थेट निवडून आलेले नव्हते, ते ‘बेस्ट लूझर’ म्हणून सभागृहात आले. ही पद्धत नसती तर मुख्य बेटावरील पराभूत पक्षांचा एकही आवाज संसदेत उरला नसता.

मग वाद कशावर आहे?

वाद मुख्यतः दोन गोष्टींवर आहे. पहिली म्हणजे आकडे. १९७२ नंतर जनगणनेत समाजवार नोंद बंद झाली आणि १९८२ मध्ये घटनादुरुस्ती करून १९७२ चेच आकडे कायम केले गेले. पन्नास वर्षांहून जुन्या संख्येवर आजच्या जागा ठरतात. दुसरी म्हणजे सक्ती. समाज न लिहिणाऱ्या उमेदवाराचा अर्ज बाद होतो. ‘आम्ही फक्त मॉरिशियन आहोत’ असे म्हणत ‘रेझिस्टान्स ए आल्टर्नातीव’ या डाव्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी याविरुद्ध लढा दिला. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने त्यांची बाजू मान्य केली. जुन्या आकड्यांच्या आधारे अशी सक्ती करणे मनमानी ठरते, असा समितीचा निष्कर्ष होता. २०१४ च्या निवडणुकीपुरती सक्ती उठवली गेली, नंतर ती परत आली.

मराठी समाजाची अडचण आणखी वेगळी आहे. या गणितात मराठी, तेलुगू, तमीळ असे स्वतंत्र रकाने नाहीत, हे सर्व ‘हिंदू’ या एकाच गटात मोजले जातात. हिंदूंना पुरेशा जागा मिळाल्या म्हणजे मराठी भाषकांनाही मिळाल्या, असे हे सूत्र गृहीत धरते. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिनिधित्व ठरते ते पक्षांनी उमेदवारी देताना साधलेल्या समतोलावर. म्हणजे लहान गटांना संरक्षण देणाऱ्या पद्धतीतही कोणत्या लहान गटाला ‘गट’ मानायचे, हे आधी कोणीतरी ठरवलेले असते.

भारतात असा प्रयोग झाला आहे का?

हरलेल्याला खासदार करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. आपण राखीव मतदारसंघांचा मार्ग निवडला. त्यात उमेदवार विशिष्ट समाजाचा असावा लागतो, पण मतदान सर्वच करतात. अगदी लहान समाजासाठी नेमणुकीचा मार्ग मात्र होता. लोकसभेत अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सदस्य नेमता येत. १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० पासून ही तरतूद संपली. डोंगरी, उत्तन, पाली, चौक या पट्ट्यात कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्ती जुनी आहे आणि शहर मात्र इमारतींनी वाढले आहे. इथे प्रभागाची हद्द कुठून कुठे आखली जाते, यावरच गावठाणातील मताचे वजन बरेचसे अवलंबून राहते. मॉरिशसमध्येही मतदारसंघांच्या आकारावरून असाच वाद आहे. पोर्ट लुई शहरातील सर्वांत लहान मतदारसंघाच्या दुपटीहून अधिक मतदार ‘सावान-ब्लॅक रिव्हर’ या मोठ्या मतदारसंघात आहेत, पण दोन्हीकडून खासदार तीनच.

निवडणूक वेळेवर होते का?

नियम कितीही नेटके असले तरी मतदानच झाले नाही तर त्यांचा उपयोग नाही. मीरा-भाईंदरकरांनी हे अनुभवले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे होता. मॉरिशसमध्ये १९६७ नंतरची सार्वत्रिक निवडणूक घटनादुरुस्ती करून पुढे ढकलली गेली आणि थेट डिसेंबर १९७६ मध्ये झाली. तिथल्या नगरपालिकांचे तर अगदी अलीकडचे उदाहरण आहे. जून २०१५ नंतरची निवडणूक वारंवार लांबली आणि मे २०२५ मध्ये झाली.

संसदीय निवडणुका मात्र १९७६ पासून नियमित होत आहेत आणि सत्तांतरही शांततेत होते. २०२४ मध्ये त्याची परीक्षा झाली. फोन टॅपिंगच्या ध्वनिफिती बाहेर येऊ लागल्यावर मतदानाच्या दहा दिवस आधी सरकारने समाजमाध्यमे बंद करण्याचा आदेश काढला. विरोध होताच दुसऱ्या दिवशी तो मागे घ्यावा लागला. मतमोजणी सुरू असतानाच जगन्नाथ यांनी पराभव मान्य केला. निकालाला न्यायालयात आव्हान देता येते आणि अंतिम अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. २०१९ च्या निवडणुकीतील जगन्नाथ यांच्या विजयाविरुद्धचे अपील तिथेच ऑक्टोबर २०२३ मध्ये फेटाळले गेले.

पद्धत बदलणार का?

उपाय सुचवून झाले आहेत. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने २००२ मध्ये सध्याच्या ६२ जागा तशाच ठेवून पक्षांना मतांच्या प्रमाणात वाटायच्या ३० जागांची भर घालावी, असे सुचवले होते. रॉड्रिग्ज बेटाच्या स्वतःच्या प्रादेशिक सभेत काही जागा अशाच प्रमाणशीर पद्धतीने दिल्या जातात, म्हणजे देशाला हा प्रकार अपरिचित नाही. २०१८ मध्ये संसदेत घटनादुरुस्ती विधेयकही आले. मात्र त्यासाठी तीन-चतुर्थांश बहुमत लागते, ते जुळले नाही.

२०२४ च्या निकालाने ते बहुमत एका आघाडीला दिले. इथेच खरी मेख आहे. नियम बदलण्याइतके संख्याबळ त्याच नियमांमुळे मिळते आणि ज्याला ते मिळते, त्याला बदलाची घाई सहसा नसते. पुढच्या वेळी शून्यावर आपणही येऊ शकतो, याची आठवण १९८२, १९९५ आणि २०२४ या तीन निकालांनी तिथल्या प्रत्येक मोठ्या पक्षाला करून दिली आहे. आपल्याकडेही प्रभाग कधी एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा असा बदलत गेला. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती कोणत्या पक्षाला फायदा होईल याची. मतदाराच्या हातात एक मत असो वा चार, त्यांतून निवडून न आलेल्यांचा आवाज सभागृहात पोहोचतो का, हा प्रश्न मॉरिशसने निदान राज्यघटनेत लिहून ठेवला आहे. उत्तर त्यांनाही अजून नीट सापडलेले नाही.